परक्यांची छपरं

रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब सूचना वाचतात, तेव्हा निम्मी मंडळी पर्स आवरायला नि मुलांना हाका मारायला लागलेली असते. त्या रविवारी मात्र कोणी हललं नाही. त्याच आठवड्यात कोकणच्या किनाऱ्याला चक्रीवादळ धडकलं होतं. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं, पण पाळकसाहेबांच्या फोनवर आलेला निरोप थेट तिथला होता. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात आमच्यासारखीच एक मंडळी आहे, अगदी लहान, मोजक्या घरांची. तिथल्या पाळकांचा आवाज त्यांनी माइकपाशी फोन धरून आम्हाला ऐकवला.

"चर्चचं छप्पर गेलंय, त्याचं नंतर बघू. गावात कुणाच्याच डोक्यावर काही राहिलेलं नाही. पाऊस लागायच्या आत पत्रे चढले पाहिजेत. सामान पाठवाल ते पाठवा, पण हातात कसब असलेली माणसं पाठवा."

"कोण जाईल?" पाळकसाहेबांनी विचारलं.

चिंचवडच्या आमच्या चर्चमध्ये फिटर, वेल्डर, टर्नर यांची वाण नाही. पण ज्याला त्याला शिफ्ट होती, रजेचा प्रश्न होता. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात माझ्या पलीकडच्या बाजूनं, पुरुषांच्या बाकावरून, हे उठून उभे राहिले. हे म्हणजे माझा नवरा.

"मी जातो," म्हणाले.

बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. जणू काही आम्ही घरून ठरवूनच आलो होतो असा चेहरा मी केला. खरं तर ते वाक्य मी त्या सगळ्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकत होते.

चाकणच्या एका कारखान्यात ह्यांनी उभी हयात काढली. प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांवर, मेंटेनन्स. कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा एके दिवशी, मी रजेवर घरी असताना, दुपारीच आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "सही करून आलो." त्यानंतर दोन वर्षं ते आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसून होते. आजारी नव्हते. चिडचिड नाही, दारू नाही, कुणाशी भांडण नाही. नुसते बसलेले. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथालयात नोकरी करते. सकाळी डबा भरून निघताना ते जिथे बसलेले असत, तिथेच संध्याकाळी परत येईपर्यंत. मधे जेवून ताट घासून ठेवलेलं असे, तेवढाच काय तो बदल.

मी हातपाय गाळून बसणारी बाई नाही. त्यांना पवनेच्या काठावर सकाळी फिरणाऱ्यांच्या गटात घातलं. चर्चच्या गायनमंडळात नाव दिलं. बंगळूरला मुलीकडे नेऊन आणलं. एका ओळखीच्यांच्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या वेळाचं काम बघितलं. प्रत्येक गोष्टीला ते "बघू" म्हणायचे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा सोफ्यावर. आणि आता ज्या गावाचं नावसुद्धा आम्हाला आठवड्यापूर्वी माहीत नव्हतं, त्या गावाचे पत्रे उडाले म्हणून हा माणूस भर चर्चमध्ये ताडकन उभा राहिला होता.

मला अभिमान वाटायला हवा होता. बाहेर आल्यावर सगळे तसंच म्हणत होते. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "वहिनी, देवानं भाऊंना मोकळं केलं." मी हसले. मनात म्हटलं, मी इतके दिवस काय करत होते मग.

चर्चच्या हॉलमध्ये तयारी सुरू झाली. बायकांकडचं सगळं काम माझ्याकडे होतं, नेहमी असतंच. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या, भांडी, चादरी. लोक घरातले फाटके ड्रेस आणून द्यायला लागले ते मी दारातच परत पाठवले. एकीनं लग्नातला लेहेंगा आणला होता. ताडपत्री कुठली चांगली, पोती कशी शिवायची, टेम्पोत जड सामान खाली कसं ठेवायचं, सगळं मी बघत होते, आणि काम चोख चाललं होतं. पण पलीकडच्या कोपऱ्यात हे तरुण मुलांना घेऊन हुक-बोल्ट नि वॉशर वेगळे करत बसले होते आणि तिकडून हसण्याचा आवाज येत होता. हसणाऱ्यांत ह्यांचाही आवाज होता. मी दोनदा मुद्दाम तिकडून गेले. दोन्ही वेळा मी गेल्यावर ते गप्प झाले, म्हणजे निदान मला तरी तसं वाटलं.

चिंचवड स्टेशनजवळ ह्यांच्या एका जुन्या मुसलमान मित्राचं गॅरेज आहे. त्यांनी आपला जनरेटर हातगाडीवर घालून चर्चमध्ये आणून दिला. "तिकडे लाइट नसणार, ड्रिल कशावर चालवणार राव?" असं ह्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "भाभी, याला असा बघून किती दिवस झाले. बरं वाटलं."

सगळ्यांनाच बरं वाटत होतं.

घरी ह्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. पान्हे एकेक करून रॉकेलच्या बोळ्यानं पुसले. पुसताना एक गाणं गुणगुणत होते, गायनमंडळात मी ज्याच्या तालमीला त्यांना ओढून नेत असे तेच. मी विचारलं, "किती दिवस लागतील?"

"काम असेल तितके."

"म्हणजे किती?"

"आता तिथे गेल्याशिवाय कसं सांगू?" त्यांनी पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो नि त्यामागे मुलांची गाडी ताम्हिणीच्या रस्त्यानं निघून गेली.

पहिले काही दिवस फोन आला नाही, कारण तिथे रेंज नव्हती. मग संध्याकाळचे फोन सुरू झाले. गावामागच्या टेकडीवर एका जागी रेंज यायची, तिथे चढून जाऊन हे बोलायचे. दोन वर्षांत आम्ही घरात जेवढं बोललो नसू तेवढं हे त्या टेकडीवरून बोलत होते. सुपारीच्या बागा कशा झोपल्यात, एका घराचे वासे शाबूत आहेत पण कौलांचा चुरा झालाय, एका म्हाताऱ्याला छपराऐवजी आधी होडी दुरुस्त करून हवी होती. मी ऐकत होते. मलाही त्या गावातली घरं ओळखीची व्हायला लागली.

आणि मग बोलण्यात बाई आल्या.

बाई म्हणजे गावातल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा वारलेला, मुलगा परदेशी. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, हिंदू होत्या, पण त्यांच्या घराची ओटी मोठी आणि मागची विहीर गोड्या पाण्याची, म्हणून आमच्या मुलांचं जेवणखाण त्यांच्याकडे होतं. त्यांच्या घराचंही छप्पर अर्धं गेलेलं. "आधी दुसऱ्यांचं करा, मी अर्ध्यात भागवते," असं त्या म्हणाल्या म्हणे. हे मला ह्यांनी इतक्या कौतुकानं सांगितलं की फोन कानाला गरम लागायला लागला.

दुसऱ्या दिवशी, "बाईंनी फणसाची भाजी केली होती." त्याच्या पुढच्या दिवशी, "बाई म्हणतात, समुद्र आत येतो तेव्हा आधी वासावरून कळतं." मग एकदा म्हणाले, "तू कधी कुळथाचं पिठलं खाल्लंयस का? काय चव असते."

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे कुळथाला हुलगे म्हणतात. लग्न झाल्यापासून हुलग्याचं पिठलं मी ह्यांच्या ताटात वाढत आले आणि ते त्यांनी दर वेळी भाकरीखाली सारून ठेवलं. हे मी फोनवर बोलले नाही. "नाही, कधी खाल्लं नाही," असं म्हटलं आणि फोन ठेवला.

टेम्पो परत आला, मुलं परत आली. हे आले नाहीत. अजून घरं बाकी होती, दुसरी फेरी जाईपर्यंत ते तिथेच थांबणार होते. त्यांनी टेकडीवरून तसं कळवलं होतं, पण रविवारी चर्चच्या दारात माझी जुनी मैत्रीण, आमच्या गायनमंडळातली, हसत हसत म्हणालीच, "काय गं, भाऊंना कोकण फारच मानवलं."

तिनंच मला मोबाइलवर फोटो दाखवला. मुलांनी चर्चच्या ग्रुपवर टाकला होता आणि कामाच्या गडबडीत मी तो पाहिला नव्हता. एका घरावर हे पत्रा धरून बसलेले, खाली एक बाई शिडी धरून उभी, आणि दोघं कशाला तरी हसताहेत. घरी आल्यावर मी तो फोटो मोठा करून पाहिला. ह्यांच्या पडलेल्या दाताची फट दिसत होती. एरवी फोटोत ते ओठ मिटून घेतात. मग फोटो खाली सरकवून तिच्याकडे, त्या बाईंकडे, पाहिलं. सडपातळ. साडी खोचलेली. केस पांढरे, रंग न लावलेले, मागे नुसता अंबाडा. माझ्याच वयाची, कदाचित थोडी मोठी. मी महिन्याच्या महिन्याला केस रंगवते. फोटो लहान केला, परत मोठा केला. तिच्या घराचं छप्पर मागे दिसत होतं, अर्धं उघडं. मला त्या उघड्या छपराची दया यायला हवी होती. पण मला वाटलं, हिचं छप्पर उडालं म्हणून माझा नवरा हिच्या दारात आहे. माझं काहीच उडालेलं नाही. मी माझ्या पक्क्या स्लॅबखाली बसले आहे आणि माझ्याकडे कोण बघणार?

दुसरी फेरी ठरली तेव्हा मी पाळकसाहेबांना सांगितलं की मी येणार.

"वहिनी, रस्ता फार खराब आहे. तिथे राहण्याचीही—"

"कॉलेजला सुट्टी आहे. मी येते."

ह्यांना कळवलं नाही. मी येत असल्याचं सांगू नका असं ड्रायव्हरलाही बजावलं. पाळकसाहेबांना वाटलं मला ह्यांना चकित करायचं आहे.

ताम्हिणीचा घाट उतरून माणगावला चहा घेतला तोवर सगळं नेहमीसारखं दिसत होतं. किनारा जवळ यायला लागला तशी झाडं बदलली. सगळी एकाच बाजूला कललेली, मग मोडलेली, मग मुळासकट आडवी. माड, सुपारी, आंबे, एकावर एक. रस्त्यापुरती कापून जागा केलेली आणि कापलेल्या खोडांचा ओला वास. टेम्पोतली मुलं उठून बाहेर बघायला लागली. मीही. इतकं मोठं काही झालेलं असताना मी घरून काय घेऊन निघाले होते, याची मला जाणीव होती. पण जाणीव झाली म्हणून ते गेलं नाही. ते माझ्याबरोबर गावापर्यंत आलं.

हे एका घराच्या आढ्यावर बसले होते. उन्हानं काळेभोर झालेले, अंगानं उतरलेले, डोक्याला पंचा. टेम्पो थांबला, मी उतरले. त्यांनी खाली पाहिलं.

"अगं, तू?" आणि लगेच, "तिथे उभी राहू नको, पत्रा खाली येतोय."

मी बाजूला झाले. इतक्या दिवसांनी भेटल्यावर नवरा-बायकोचं एवढंच बोलणं झालं, कारण पत्रा खरोखरच खाली येत होता.

बाईंनी मला ओटीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, मग कोकमाचं सरबत. बोलणं शाळेतल्या बाईंसारखंच, स्पष्ट आणि थोडं चढ्या आवाजात. घरभर मुलांच्या पिशव्या, ओले टॉवेल. एका खांबाला ह्यांचा शर्ट वाळत होता. धुतलेला, झटकून नीट टाकलेला. घरी तो मी धुते; इथे कोणी धुतला ते त्या शर्टालाच माहीत.

"तुम्ही येणार हे भाऊ बोलले नाहीत," बाई म्हणाल्या.

"त्यांना माहीत नव्हतं." मग मला राहवलं नाही. "माझ्याबद्दल काही बोलत होते की नाही?"

त्यांनी क्षणभर विचार केला. खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं घरी कोण असतं म्हणून. म्हणाले, मिसेस असतात, कॉलेजात नोकरी करतात. एवढंच."

"मग एवढं बोलायला काय असतं दोघांना?" मी हसतच विचारलं, पण माझा आवाज हसरा नव्हता.

बाईंसमोर सुपात फणसाच्या आठळ्या होत्या. त्या सोलत सोलत सहज म्हणाल्या, "कंपनीचं बोलतात. ते मशीन त्यांना स्वतःच्या हातानं खोलायला लावलं ना शेवटी, ते फार लागलंय त्यांना."

"कुठलं मशीन?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल," त्या हळू म्हणाल्या.

मला ठाऊक नव्हतं. मग त्यांना सांगावंच लागलं. शॉपमधली सगळ्यात जुनी प्रेस. हे कामाला लागले तेव्हापासूनची, तिची प्रत्येक खोड ह्यांना माहीत. नवीन लाइन आली तेव्हा ती भंगारात काढायची ठरली आणि खोलायचं काम ह्यांनाच दिलं, कारण दुसऱ्या कुणाला ती नीट खोलता आली नसती. हे आठवडाभर तिचे भाग सुटे करत होते. शेवटचा भाग ट्रकवर चढला त्याच दुपारी त्यांनी सही केली आणि घरी आले. मी दार उघडलं होतं. मी चहा केला होता. चहा पिऊन त्यांनी कप विसळून ठेवला होता. आणि हे सगळं त्यांनी मला न सांगता, दोन वर्षं पोटात ठेवून, समुद्रकाठच्या एका ओटीवर, नुकतीच ओळख झालेल्या बाईपुढे ओतलं होतं.

फोटोतलं हसू पाहून मला जे झालं होतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं. हसू कुणाबरोबरही वाटून घेता येतं. पण हे माझं होतं. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून होतं, आणि ते दुसरीनं उचललं होतं. तेही न मागता, आठळ्या सोलता सोलता.

उन्हं कलल्यावर हे हातपाय धुऊन आले. मी म्हटलं, "जरा चला." आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूत तुटक्या होड्या, जाळ्यांचे गुंते, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय?"

"मशीनचं."

ते थांबले. आधी रागावतील असं वाटलं, बाईंवर की माझ्यावर ते कळेना. पण ते समुद्राकडे बघून म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी उपाय केला असतास."

"म्हणजे?"

"म्हणजे मला कुठेतरी घेऊन गेली असतीस. कुणाला तरी भेटवलं असतंस. पुस्तक आणून दिलं असतंस. तुझं चूक नाही गं. पण मला काही करून घ्यायचं नव्हतं. फक्त सांगायचं होतं."

"आणि बाई काय करतात?"

"काही नाही. ऐकतात. आठळ्या सोलतात."

"मग मीही आता आठळ्या सोलत बसू का?"

ते हसले. पडलेल्या दाताची फट दिसली. मला अजिबात हसू आलं नाही. मी तरातरा पुढे निघून गेले आणि परत येताना आम्ही मागेपुढे चालत आलो.

दुसऱ्या दिवशी सामान वाटताना गावात भांडण झालं. एक कोळीण चर्चच्या अंगणात येऊन तिथल्या पाळकसाहेबांना बोलायला लागली. शेजारणीच्या घरावर नवेकोरे निळे पत्रे चढले आणि हिच्या वाट्याला दुसरीकडून उतरवलेले जुने आले होते. पाळकसाहेब समजावत होते की जुने पत्रे जाड आहेत, उलट जास्त टिकतील. ती ऐकत नव्हती. "तिचे घरा सगले आधी गेले. माझे घरा कोन फिरकला नाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजूबाजूच्या बायका तिला नावं ठेवायला लागल्या. जीव वाचला ते बघायचं सोडून ही पत्र्याचा रंग बघते, असं कुणीतरी बोललं.

मी त्या बाईकडे पाहत होते. तिचं काय होत होतं ते त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच कळलं नसेल. पत्रे तिला नको होते असं नाही. पण शेजारणीकडे सगळे जाऊन बसले, फोटो काढले, चहा प्याले, आणि हिच्या दारावरून नुसती माणसं शिड्या घेऊन गेली. दोघींवरून वारा तोच गेला होता.

मी पिशवी खाली ठेवली. "चला, तुमचं घर दाखवा मला."

ती आधी बावरली. मग चालायला लागली. घरात शिरल्यावर तिनं मला कोपरान् कोपरा दाखवला. भिंत कुठून फुगली, देव्हारा कुठे जाऊन पडला, धाकटीला कुठल्या कॉटखाली धरून ठेवलं होतं, कोंबड्या कशा गेल्या. मी मधे काही बोलले नाही. अमुक करू, तमुक पाठवू, असं माझ्या तोंडावर दहादा आलं. ते गिळणं मला किती जड जातं हे मला तेव्हा समजलं. तिचं सांगून संपलं तेव्हा तिनं चूल पेटवून काळा चहा केला. दोघी उघड्या आभाळाखाली तिच्या स्वयंपाकघरात बसून प्यालो. जुन्या पत्र्यांचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. संध्याकाळी हे आणि मुलं तिच्या घरावर चढली, तेव्हा ती खालून त्यांना हुकूम सोडत होती.

मी तिथे काम संपेपर्यंत राहिले. बाईंच्या ओटीवर झोपले, त्यांच्याबरोबर स्वयंपाक केला. त्या वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याशी गोड वागायचा प्रयत्नही केला नाही, हे मला आवडलं. एकदा भाकरी थापताना एवढंच म्हणाल्या, "घरात बोलायला माणूस नसलं की दुसऱ्याचं ऐकायला वेळ फार असतो." कुळथाचं पिठलं मी केलं, माझ्या पद्धतीनं, लसूण जास्त घालून. ह्यांनी दोनदा मागून घेतलं. मी की बाईंनी, कुणी केलंय हे ह्यांना माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

बाईंच्या घराचं राहिलेलं अर्धं छप्पर सगळ्यात शेवटी झालं. ते चढत असताना शिडी मी धरली होती. बाई पुढे आल्या होत्या, पण मी आधी पोचले.

आम्ही टेम्पोत पुढे बसून परत आलो. पिरंगुटपर्यंत हे झोपले होते, डोकं माझ्या खांद्यावर. पुढच्या रविवारी चर्चमध्ये ह्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या, आणि तिथल्या मंडळीचं पत्र वाचून दाखवलं. माझंही नाव घेतलं, पोती शिवणाऱ्या बायकांबरोबर.

ह्यांचं बसणं संपलं. आता ते चऱ्होलीला, जिथे नव्या सोसायट्या उठताहेत तिथे, एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जातात. ते काम त्यांनी स्वतः शोधलं. बाईंचे फोन येतात, सणासुदीला किंवा एखादा पत्रा वाजायला लागला तर. माझ्याशीही बोलतात. मी चौकशी करते, मनापासून करते. मग फोन ह्यांना देते आणि त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत राहते. दिवाळीनंतर हे पुन्हा एकदा तिकडे जाऊन आले. मी "या जाऊन" म्हटलं आणि ते परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. मी प्रार्थना करते, त्यात हेही सांगते. अजून तरी ते पूर्ण गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. हे तो आवाज ऐकत होते. मग काही कारण नसताना सांगायला लागले. कंपनीत लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातून प्रेसची एक डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, फुटली होती. एका वयस्कर फोरमननं ती आपल्यावर घेतली, साहेबांसमोर मान खाली घालून उभा राहिला, आणि ह्यांना नंतर एक शब्द बोलला नाही. पुढे अनेक वर्षांनी तो फोरमन आळंदी रस्त्यावर एका हॉटेलात दिसला, पार थकलेला. ह्यांना त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं. पण काय बोलावं ते सुचेना, म्हणून बाहेरूनच परत आले. पुढच्या वेळी गेले तेव्हा कळलं, तो गेला.

मी हात मांडीवर तसेच ठेवून ऐकत होते. त्याच्या घरच्यांना आपण जाऊन भेटू या, असं ओठांवर आलं होतं. बोलले नाही. खालची स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

मग मी विचारलं, "हे बाईंना सांगितलंत?"

"नाही," हे म्हणाले. "हे कुणालाच नाही सांगितलं."

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी उठून आत गेले आणि कुकर लावला.